जत्रा कोणाच्या जमिनीवर उभी असते?

जून २०१९ मध्ये काठमांडूच्या माइतीघर चौकात माणसांचा पूर लोटला होता. नेपाळच्या राजधानीला मोर्चे नवे नाहीत. राजेशाही घालवणारी आंदोलने या शहराने पाहिली आहेत. पण या गर्दीत पक्षांचे झेंडे दिसत नव्हते. लाल काठाची काळी हाकुपटासी नेसलेल्या बायका होत्या, गळ्यात ढोल अडकवलेली पोरे होती, पुजारी होते, म्हातारीकोतारी माणसे होती. ही सगळी माणसे जमिनीसंबंधीच्या एका विधेयकाला विरोध करायला आली होती. विधेयक मागे घेत असल्याचे सरकारने आधीच जाहीर केले होते, तरीही ती आली. त्याच महिन्यात आधीच्या निदर्शनांवर पोलिसांनी पाण्याचे फवारे आणि लाठ्या चालवल्या होत्या, त्यामुळे नुसत्या घोषणेवर विश्वास ठेवायला कोणी तयार नव्हते.

विधेयक होते गुठीचे. आणि रस्त्यावर आलेल्या माणसांचे म्हणणे एका ओळीत सांगता येईल असे होते: गुठी गेली तर आमच्या जत्रा जातील.

आपल्याकडे सणांवर वाद होतो तेव्हा तो बहुतेक वेळा ठरलेल्या रुळांवरून धावतो. श्रद्धा की अंधश्रद्धा, डीजे हवा की नको, मिरवणूक किती वाजता थांबवायची, जुने टिकवायचे की नवे आणायचे. हे वाद मला कमी महत्त्वाचे वाटत नाहीत. पण सण चालतो कसा, त्याचा खर्च कोण करते, राबते कोण, आणि त्या राबणाऱ्याला काय मिळते, हे आपण क्वचितच विचारतो. काठमांडूच्या लोकांनी नेमके तेच विचारले. म्हणून नेपाळच्या या प्रश्नाकडे जरा खोलात जाऊन पाहिले पाहिजे असे मला वाटते.

गुठी म्हणजे एखाद्या कामासाठी कायमची लावून दिलेली जमीन, आणि तिच्या उत्पन्नातून ते काम पिढ्यानपिढ्या करणारी माणसेही. काठमांडू खोऱ्यातल्या नेवार समाजाचा सगळा गाडा या व्यवस्थेवर चालत आला. तिच्या खुणा लिच्छवी काळातल्या शिलालेखांपर्यंत मागे जातात. राजाने, सावकाराने, एखाद्या विधवेने जमीन देवाला किंवा धर्मशाळेला लावून द्यायची, आणि तिच्या उत्पन्नाचे काय करायचे ते दानपत्रात लिहून ठेवायचे. दिव्याच्या तेलाला इतके, पुजाऱ्याला इतके, वाजंत्र्यांना इतके, छपराच्या डागडुजीला इतके, आणि उरेल त्यातून गुठियारांचे, म्हणजे गुठीच्या सभासदांचे, जेवण. आपल्या देवस्थान इनामांशी हे लगेच जुळते. दान दिलेली जमीन हिरावणारा साठ हजार वर्षे विष्ठेतला किडा होऊन पडेल, हा संस्कृत शापश्लोक आपल्या ताम्रपटांवर आहे तसाच नेपाळच्या दानपत्रांतही आहे. आपल्याकडे शिलाहार-यादवांच्या काळात हीच धमकी गद्धेगाळ नावाच्या शिळेवर कोरली जायची. दोन्हीकडच्या माणसांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती: धर्मकार्याला पहिला धोका नास्तिकांकडून येत नाही, जमिनीवर डोळा असलेल्यांकडून येतो.

पण गुठी देवळापाशी थांबत नाही. नेवारांमध्ये मृत्यूचीही गुठी असते. घरात माणूस गेले की निरोप गुठीला जातो. तिरडी बांधणे, प्रेत उचलणे, सरण रचणे हे सगळे सभासद करतात. घरच्यांनी फक्त दुःख करायचे. पाळी आली आणि सभासद आला नाही तर त्याला दंड. गुठीतून नाव निघणे म्हणजे आपल्या माघारी खांदा द्यायला कोणी नसणे, आणि ही भीती माणसाला समाजाशी जितकी घट्ट बांधून ठेवते तितकी कोणतीही भाषणे ठेवत नाहीत. जत्रेची गुठी आणि मरणाची गुठी वेगवेगळ्या असल्या तरी त्यांच्यामागची समजूत एकच आहे. काम ठरलेले, माणूस ठरलेला, त्याच्यामागे साधन ठरलेले.

हे किती बारकाईने चालते ते काठमांडूशेजारच्या पाटण शहरातल्या रातो मच्छिंद्रनाथाच्या रथावरून कळते. मच्छिंद्रनाथ आपल्याला परका नाही. ज्ञानेश्वरांनी स्वतः सांगितलेल्या गुरुपरंपरेत आदिनाथांनंतर मत्स्येंद्रनाथांचे नाव येते. बीड जिल्ह्यात सावरगावच्या मायंबावर त्यांची समाधी मानली जाते. नेपाळमध्ये मात्र हा देव पावसाचा आहे. बुंगमती गावचा म्हणून त्याला बुंगद्यः म्हणतात, बौद्ध त्याला लोकेश्वर मानतात, करुणामय म्हणून हाक मारतात. गोरखनाथ नागांवर आसन घालून बसले, बारा वर्षे पाऊस पडला नाही, तेव्हा राजा नरेंद्रदेव, बंधुदत्त आचार्य आणि ललित नावाचा एक शेतकरी कामरूपाला जाऊन या देवाला घेऊन आले. गुरू आलेले पाहून गोरखनाथ उठले आणि नाग मोकळे झाले, अशी कथा आहे. राजा, पुरोहित आणि शेतकरी ही त्रयी कथेत उगाच आलेली नाही. जत्रेचा भार आजही तसाच वाटलेला आहे.

वैशाखाच्या तोंडावर पाटणमधल्या पुल्चोकला रथ उभा राहतो. तो दर वर्षी नव्याने बांधतात. खाली लाकडी सांगाडा, भैरवाचे डोळे रंगवलेली चार प्रचंड चाके, पुढे नाकासारखी वर वळलेली लांब धुरा, आणि सांगाड्यावर पन्नास-साठ फूट उंच वेताचा शेंडा. तो खिळ्यांवर उभा नसतो, वेताच्या बांधणीवर उभा असतो. लाकडाचे काम बाराही नावाच्या घराण्यांनी करायचे, वेत बांधत वर चढायचे ते यांगवालांनी. देवाची पूजा पानेजूंकडे. रथ चालू लागला की चाकांखाली लाकडी ठोकळे सरकवून त्याला वळवणारी आणि थांबवणारी माणसे पुन्हा वेगळी. जळगावच्या रथोत्सवात मोगरी लावणारे जे करतात तेच, तितक्याच जिवावर उदार होऊन. इटीपासून थटीपर्यंतचा टप्पा फक्त बायका ओढतात. रथ लगनखेल, जावलाखेल असा थांबत थांबत जातो, कधी चाक रुतते, कधी शेंडा कलतो, महिना-दीड महिना सहज निघून जातो.

शेवटी जावलाखेलला राष्ट्राध्यक्षांसमोर रथावरून चारी दिशांना एक रत्नजडित काळी बंडी दाखवतात. तिला भोटो म्हणतात. नागराणीचे डोळे बरे केल्याबद्दल कर्कोटक नागाने एका शेतकऱ्याला ती दिली, ती चोरीला गेली, मग दोघांनी तिच्यावर हक्क सांगितला आणि पुरावा कोणाकडेच नव्हता. तेव्हापासून ती देवाच्या ताब्यात आहे, आणि खरा मालक पुरावा घेऊन येईपर्यंत दर वर्षी लोकांना दाखवायची. हा कार्यक्रम आज गुठी संस्थान या सरकारी संस्थेचा अधिकारी पार पाडतो.

इथून पुढची गोष्ट त्या संस्थेची आहे. १९६४ साली राजा महेंद्रांच्या काळात जमीन सुधारणांबरोबर गुठी संस्थान स्थापन झाले आणि राजगुठ्यांच्या, म्हणजे राज्याच्या अखत्यारीतल्या गुठ्यांच्या, जमिनी त्याच्या कारभाराखाली आल्या. हेतू वाईट होता असे मी म्हणणार नाही. गुठ्यांत भ्रष्टाचार होता, जमिनी कसणाऱ्या कुळांचे हाल होते, हिशेब लागत नव्हते. पण कारभार एका कार्यालयाकडे गेला आणि जमीन व काम यांच्यातला थेट धागा तुटला. पूर्वी यांगवालाला त्या विशिष्ट शेताचे धान्य मिळत होते. आता कार्यालयाकडून ठरलेली रक्कम मिळू लागली. धान्य महागाईबरोबर आपोआप महाग होते. ठरलेली रक्कम कागदावर तशीच राहते आणि दर वर्षी तिच्यात कमी तांदूळ येतो. पुढे कुळांना ठरावीक पैसे भरून गुठीची जमीन खासगी करून घेण्याची वाट मिळाली. काठमांडू वाढत गेले, भाताच्या खाचरांची घरे झाली, आणि सोन्याच्या भावाची जमीन मातीमोल रकमेला निघून गेली. कसणाऱ्याला न्याय मिळाला तिथे आनंदच आहे. पण बऱ्याच ठिकाणी फायदा कसणाऱ्याच्या हाती राहिला नाही, त्याच्याकडून घेणाऱ्याच्या हाती गेला. आणि जत्रेच्या पदरात पडलेला पैसा खात्यात पडून झिजत राहिला.

आपल्याला हे नवे वाटू नये. पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीकडे अंबाबाई आणि जोतिबासारख्या मोठ्या देवळांबरोबर तीन हजारांच्या आसपास लहानमोठी देवळे आहेत. मोठ्या देवळांचे ठीक चालते. पण गावोगावच्या लहान देवळांच्या इनाम जमिनींवर कोणाचा ताबा आहे, खंड येतो का, गुरवाला आणि वाजंत्र्याला काय मिळते, हे प्रश्न गावच्या बैठकीत निघाले की माणसे खाली मान घालतात. ज्या गावात पालखीचे भोई, दिवटीवाला, डफवाला यांचे मान अजून चालतात तिथे ते बहुतेक वेळा त्या माणसांच्या हट्टावर चालतात, जमिनीच्या जोरावर नाही. हट्ट एक पिढी पुरतो, फार तर दोन.

२०१९ च्या विधेयकाने सार्वजनिक गुठ्यांबरोबर खासगी गुठ्याही सरकारी प्राधिकरणाच्या देखरेखीखाली येतील, अशी भीती लोकांना वाटली. जे मरणाच्या गुठीपर्यंत पोचू शकते ते घरापर्यंत पोचते, हे त्यांना कळत होते. नेपाळच्या २०१५ च्या संविधानातच गुठीविषयी तरतूद आहे: जमीन कसणाऱ्यांचे आणि गुठीचे हक्क सांभाळावेत, पण गुठीच्या मूळ तत्त्वांना धक्का लागू नये. ही तोलून मांडलेली भाषा आहे. विधेयकाने एका पारड्याकडे पाहिले आणि दुसरे सोडून दिले.

माझे म्हणणे असे आहे: लोकांचे सण वाचवायचे असतील तर राज्यसंस्थेने त्यांच्या साधनांचे रक्षण करावे, साधनातल्या अन्यायावर कायदा चालवावा, आणि कारभार मात्र ज्यांच्या हातून ते काम होते त्यांच्याकडेच ठेवावा. राज्य जेव्हा स्वतः यजमान व्हायला जाते तेव्हा त्याला सणाचे कारण कळत नाही, फक्त खर्च दिसतो.

याचा दाखला २००८ मध्येच मिळाला होता. राजेशाही नुकतीच संपली होती, अर्थमंत्री बाबुराम भट्टराई यांनी अर्थसंकल्पात काठमांडूच्या इंद्रजात्रेतल्या बळींसाठी मिळणारा निधी कापला. काठमांडूत टायर पेटले, रस्ते बंद झाले आणि काही दिवसांत सरकारला माघार घ्यावी लागली. पशुबळी थांबावा असे मलाही मनापासून वाटते. पण अर्थखात्याने रक्कम कापून तो थांबत नाही. तो जिथे थांबला आहे तिथे गावातल्या लोकांनी, पुजाऱ्यांनी, बायकांनी आपापसांत बोलून, नारळ-कोहळ्यावर समजूत काढून थांबवला आहे. ज्यांच्या जमिनी एकेकाळी राज्याने आपल्या कारभारात घेतल्या, त्यांचा ठरलेला खर्च राज्यच परस्पर कापते, याचा राग त्या टायरांत होता. बळीची चर्चा मग मागेच राहिली, ती व्हायला हवी होती.

२०२० मध्ये पुन्हा तेच. करोनामुळे मच्छिंद्रनाथाचा रथ पुल्चोकला बांधून तसाच उभा राहिला. महिने गेले, पावसाळा सरत आला. सप्टेंबरच्या सुरुवातीला लोकांनी आपणहून दोरांना हात घातला, पोलिसांशी चकमक झाली आणि ललितपुरात, म्हणजे पाटणमध्ये, संचारबंदी लागली. साथीच्या काळात गर्दी करणे चूकच होते. पण प्रशासनाने पानेजू, बाराही, यांगवाल यांना आधीपासून बरोबर बसवून मोजक्या माणसांत काय करता येईल ते ठरवले असते, तर ती वेळ आली नसती. पाऊस आणणाऱ्या देवाला रथात अडकवून पावसाळा संपू द्यायचा, हे त्या माणसांच्या लेखी केवळ कार्यक्रम पुढे ढकलणे नव्हते.

आता उलट बाजू, आणि ती हलकी नाही. गुठी जातींवर उभी आहे. कोण पुजारी, कोण वाजंत्री, कोण मांस कापणारा, कोण घाण काढणारा, हे जन्माने ठरते. कित्येक गुठ्यांत बायकांना सभासदत्व नाही. तराईतल्या, म्हणजे दक्षिणेच्या सपाट प्रदेशातल्या, गुठी जमिनींवर पिढ्यानपिढ्या राबलेल्या कुळांना नावावर वीतभर जमीन नाही. त्यांच्यासाठी गुठी हा वारसा नसून मालक आहे. माइतीघरच्या गर्दीत त्यांचा आवाज कमी होता आणि हे त्या आंदोलनाचे उणेपण होते, असे मी स्पष्टपणे म्हणेन.

पण वंशपरंपरेचे सगळे हक्क एका मापाने मोजता येत नाहीत. पंढरपूरच्या बडवे-उत्पातांचे हक्क १९७३ च्या कायद्याने काढून घेतले आणि दीर्घ खटल्यानंतर जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. तो निर्णय योग्य होता. त्यानंतर मंदिर समितीने सर्व जातींच्या आणि महिला पुजाऱ्यांसाठीही अर्ज मागवले. तिथे हक्क होता तो देवापुढे पडणाऱ्या पैशावर आणि देवाच्या दाराशी उभे राहून कोणाला किती वेळ आत सोडायचे यावर. यांगवालाचा हक्क वेताच्या शेंड्यावर चढण्याचा आहे. त्यात जीव धोक्यात घालायचा, हाताला वेताचे काप लागायचे, आणि मिळकत नावापुरती. उत्पन्नावरचा हक्क मोडून तो सर्वांसाठी खुला करणे हे न्यायाचे काम आहे. कष्टावरचा हक्क मोडायचा असेल तर आधी हे पाहावे लागते की ते कष्ट शिकवणारा उद्या कोण असेल. जातीचे कुंपण काढा, जरूर काढा. ज्याला शिकायचे आहे त्या मुलाला, मुलीला शेंड्यावर चढू द्या. पण त्याआधी त्या कामाला जगण्यापुरते मोल द्या. बिनमोलाच्या कामाचे दार उघडे टाकले तर आतून माणसे बाहेर पडतात, बाहेरून आत कोणी येत नाही.

बदल होत नाही असेही नाही. काठमांडूच्या कुमारीचे उदाहरण घ्या. शाक्य घरातली लहान मुलगी देवी म्हणून निवडायची, तिने कुमारीघरात राहायचे, मोठी झाली की पुन्हा सामान्य व्हायचे. या प्रथेविरुद्ध याचिका झाली तेव्हा नेपाळच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये प्रथा बंद केली नाही, पण कुमारीलाही शिक्षणाचा आणि इतर मुलांसारखा हक्क आहे असे बजावले. इंद्रजात्रेत तिचा रथ अजून निघतो. त्या निर्णयाने बाल हक्कांचा प्रश्न पूर्ण सुटला असे मी मानत नाही, पण दिशा बरोबर होती: मूल आधी, मग देवी.

खोऱ्याबाहेर पडले की हाच प्रश्न अधिक टोकदार होतो. पश्चिम तराईतल्या थारूंचा मोठा सण माघी, माघाच्या पहिल्या दिवशी. नदीवर स्नान, घोंगी (गोगलगाई) आणि ढिकरीचे (तांदळाच्या पिठाचे वाफवलेले) जेवण, नाच, आणि त्याच दिवसांत गावाची बैठक बसते. वर्षाचा हिशेब होतो, बांधबंधारे, पाट आणि रस्त्यांची कामे वाटून घेतात आणि गावचा प्रमुख, बडघर, निवडतात. लोकशाहीवरचे कितीतरी उपदेश या एका बैठकीपुढे फिके आहेत. पण याच माघीला कमैयांचे करार ठरत. कर्जात बुडालेला माणूस पुढच्या वर्षासाठी कोणत्या जमीनदाराकडे राबणार ते याच दिवशी ठरे. लहान मुलींना परक्याच्या घरी कमलरी म्हणून कामाला धाडायचे तेही माघीलाच. एकाच अंगणात एकीकडे मादल ढोल वाजत असे आणि दुसरीकडे आठ-दहा वर्षांच्या पोरीची कपड्यांची बोचकी बांधली जात असे.

जुलै २००० मध्ये सरकारने कमैया पद्धत बंद केली आणि २०१३ मध्ये कमलरी प्रथा संपल्याचे जाहीर केले. त्यामागे थारूंचे स्वतःचे आंदोलन होते, मुक्त झालेल्या कमलरी मुली स्वतः रस्त्यावर उतरल्या होत्या. आता बघा, माघी मेली का? नाही. करार गेले, बैठक राहिली. काही पालिकांनी तर बडघराला कायद्याने मान्यता दिली. वाईट रूढी मोडली की अख्खा सण कोसळेल, असे सांगणाऱ्या प्रत्येकाने माघीकडे पाहावे. आणि सण म्हणजे नुसता आनंद असे मानणाऱ्यांनीही पाहावे. कायद्याने माणूस मुक्त झाला तरी कितीतरी कमैया कुटुंबे पुढे वर्षानुवर्षे नदीकाठच्या झोपड्यांत जमिनीच्या तुकड्याची वाट पाहत राहिली. इथेही गाठ जमिनीशीच.

दसऱ्याचे, म्हणजे नेपाळच्या दसैंचे, राजकारण याहून जुने आहे. गोरखा राज्य डोंगराडोंगरांत पसरले तसा दसैं त्याच्याबरोबर पसरला. गावचा मुखिया, महसूल गोळा करणारा, तोच प्रजेच्या कपाळी टिळा लावणार आणि प्रजेने भेटी आणायच्या. म्हणून १९९० नंतर अनेक जनजातींनी लाल टिळा नाकारला, कोणी पांढरा लावला. त्याच काळापासून आपापले सण पुढे आणायची धडपड सुरू झाली. गुरुंगांचा, तामांगांचा आणि शेर्पांचा ल्होसार, म्हणजे नववर्ष, वेगवेगळ्या तिथींना. किरातांची वैशाखी पौर्णिमेची उभौली आणि मंसिरातली (मार्गशीर्षातली) उधौली, पक्षी आणि मासे वर चढतात आणि खाली उतरतात त्या ऋतूंची, साकेला नाचात पेरणी-कापणीच्या हालचाली करणारी. राज्याने या सणांना सुट्ट्या दिल्या. हा सन्मान खरा आहे, उशिरा मिळाला म्हणून जास्तच खरा. पण सुट्टी ही राज्याला सगळ्यात स्वस्तात देता येणारी गोष्ट आहे. सुट्टीने काठमांडूतला कारकून मोकळा होतो. पूर्व नेपाळातल्या भोजपूरच्या डोंगरावर साकेलाचा ढोल वाजवायला माणूस मिळत नाही, कारण तो कतारमध्ये आहे. नेपाळच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या चौथ्या हिश्शाएवढा पैसा परदेशात राबणाऱ्यांकडून येतो. डोंगरातल्या कितीतरी गावांत जत्रेला म्हातारे, बायका आणि मुले एवढीच उरली आहेत.

पर्यटन हे याचे उत्तर म्हणून पुढे केले जाते. तेंग्बोचेच्या मठात शरद ऋतूत मणि रिम्दूचे मुखवट्यांचे नाच होतात, एव्हरेस्टच्या वाटेवरचे गिर्यारोहक ते पाहायला गर्दी करतात, मठाला पैसा मिळतो, ठीक आहे. पण पाहुण्याच्या सोयीने तारीख, वेळ आणि लांबी ठरू लागली की ज्याच्यासाठी तो विधी आहे तो मागच्या रांगेत जातो. आणि भर पावसाळ्यात, जेव्हा पाहुणे नसतात, तेव्हाचे सण कोणाच्या यादीत बसत नाहीत. गेल्या वर्षभरात घरातले माणूस गेलेले लोक गाईजात्रेला गाय किंवा गाईचा वेष घातलेला मुलगा घेऊन शहरातून फिरतात. त्या दुःखाला प्रेक्षक नको आहे, शेजारी हवा आहे.

म्हणून विधेयक मागे घेतले एवढ्याने काम भागत नाही. गुठीच्या जमिनींची नोंद कोणालाही वाचता येईल अशी उघड व्हायला हवी: कोणती जमीन, कोणत्या कामाला लावलेली, आज कोणाच्या ताब्यात. ज्या जमिनीवर सरकारी इमारत किंवा व्यापारी संकुल उभे आहे तिचे आजच्या भावाने भाडे त्या कामाला मिळावे. प्रत्यक्ष कसणाऱ्या कुळाला मालकी द्या, पण मध्ये बसलेल्या दलालाला नाही, आणि त्या बदल्यात मिळणारी रक्कम खात्यात कुजवण्याऐवजी पुन्हा जमिनीत किंवा घरभाड्यात गुंतवा, म्हणजे ती महागाईबरोबर वाढेल. कारभारी मंडळात अधिकारी एखादा असू दे. बहुमत पानेजू, बाराही, यांगवाल, वाजंत्री, कसणारी कुळे आणि बायका यांचे असायला हवे. आणि रथासाठी लागणारे लाकूड आणि वेत जिथून येतात त्या जंगलांत त्यासाठी लागवड राखून ठेवायला हवी. वेत मिळणे कठीण होत चालले आहे आणि त्यावाचून शेंडा उभा राहत नाही.

काठमांडूतल्या काष्ठमंडपाने दाखवून दिले आहे की हे जमते. २०१५ च्या भूकंपात ही प्राचीन वास्तू जमीनदोस्त झाली. पुढे उत्खननात दिसले की मधल्या चार मुख्य खांबांपैकी एकाचा तळ त्याच्या दगडी बैठकीत बसलेलाच नव्हता. कधीतरीच्या दुरुस्तीत ती बैठक फरशीखाली गेली होती. वर्षानुवर्षे त्याच खांबाकडे पाहणारे त्याचे ठरलेले माणूस असते तर हे कोणाच्या तरी लक्षात आले असते. सुरुवातीला कंत्राट काढून, सगळ्यात कमी दर भरणाऱ्याला काम द्यायचे घाटत होते. शहरातल्या लोकांनी ते होऊ दिले नाही. समिती स्थापन झाली, कारागीर निवडले, जुन्या पद्धतीने लाकूड-वीट-माती वापरून २०२२ पर्यंत ती वास्तू पुन्हा उभी केली. सरकारचा पैसा होता, देखरेख लोकांची होती.

मच्छिंद्रनाथाचा रथ एरवी पुल्चोकला बांधतात, पण बारा वर्षांतून एकदा तो थेट बुंगमतीत बांधून पाटणपर्यंत ओढत आणायचा असतो. मागची बारावर्षी जत्रा २०१५ ची. रथ वाटेत असतानाच भूकंप झाला आणि बुंगमतीचे देऊळ कोसळले. पुढची २०२७ ला येते. त्यासाठी वेत किती लागेल, वाटेवरच्या विजेच्या तारा कोण सोडवणार, चढावर चाके अडतील तिथला रस्ता कसा ठेवायचा, यांगवालांच्या नव्या पिढीतले किती जण परदेशातून परत येतील आणि त्यांची त्या दिवसांची मजुरी कोण देणार, या प्रश्नांची उत्तरे देणारी बैठक पाटणमध्ये व्हायला हवी, आणि त्या बैठकीत गुठी संस्थानाने आपल्याकडची जमिनींची कागदपत्रे सगळ्यांसमोर मांडायला हवीत.